लेखणीवर घर चालेल का?

वसतिगृहात राहून बारावी झालेली एखादी मुलगी पाड्यावर परत येते आणि म्हणते, "मला लेखिका व्हायचंय." घरचे विचारतात, "त्यानं पोट भरेल का?" दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरात हा प्रश्न रास्तच आहे. प्रिय वाचकहो, आपण या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावता, म्हणून त्याचे सरळ उत्तर आपल्यालाही माहीत असावे.

कुणाच्या नोकरीत न राहता कामागणिक मोबदला घेऊन लिहितो तो मुक्त लेखक. त्याला महिन्याचा पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. लेख छापून आला तरी मानधन पुष्कळदा काही महिन्यांनी मिळते. मात्र हे काम गाव न सोडता, शेती सांभाळून करता येते.

गरिबीतून आलेले थोर लेखक मराठीला नवे नाहीत. सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत. मुंबईत मिळेल ते काम करीत ते लिहीत राहिले आणि १९५९ साली त्यांची 'फकिरा' ही कादंबरी आली. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायवाचायला शिकल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' घरात बोलावे तशा भाषेत आहेत. नंदुरबारकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे भिलीत आणि मराठीत लिहितात. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ सालचा. तिघांनीही भाषा उसनी आणली नाही. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एवढे नाव होऊनही अण्णा भाऊंचे आयुष्य हलाखीतच गेले. नाव होणे वेगळे आणि घर चालणे वेगळे.

मग पैसे कोठून येतात? वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत नाव होते, पण मानधन थोडे असते. दिवाळी अंकांचे साहित्य उन्हाळ्या-पावसाळ्यातच मागवले जाते. ऐन दिवाळीच्या तोंडावर पाठवलेल्या कथेला जागा मिळत नाही. आकाशवाणी भाषण आणि श्रुतिका यांचे मानधन देते. त्यामानाने जास्त आधार देतो तो अनुवाद. संस्थांची माहितीपत्रके, आरोग्याच्या पुस्तिका, प्रशिक्षणाचे साहित्य यांचे भाषांतर सतत लागते. येथेच आपल्या मुलांचे भांडवल आहे. सातपुड्यात सिकलसेलचा आजार बराच आढळतो. त्याची माहिती पावरीत किंवा भिलीत, आजीलाही समजेल अशी लिहिणारा माणूस शहरात सहसा सापडत नाही. पाड्यावर तो सापडू शकतो.

नवशिक्याने विषय शोधत दूर जाऊ नये. 'निसर्गाचे महत्त्व' यावर हजारो निबंध लिहिले गेले आहेत. पण मोहाची फुले पहाटे कोण वेचते, ती किती दिवस वाळवतात, व्यापारी मापात कसे मारतो, हे वेचणाऱ्या घरातली मुलगी लिहील तसे दुसरे कुणी लिहिणार नाही. एका लेखात एकच गोष्ट सांगावी. सहाशे शब्द मागितले असतील तर सहाशेच द्यावेत. पाठवण्याआधी लेख कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा. वाचताना जीभ अडखळते तेथे वाक्य दुरुस्त करावे. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा. मोबाइलवर बोलून लिहिता येते, पण चुका तपासूनच पाठवावे.

व्यवहारही शिकला पाहिजे. स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि पॅन कार्ड हवे. कोणता लेख कुठे, कधी पाठवला आणि पैसे आले का, याची वही ठेवावी. मानधनातून कर कापला गेला आणि वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक साधारणपणे लेखकच असतो; त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून न वाचता सही करू नये. 'पैसे भरा, पुस्तक छापतो' असे कुणी म्हणाले, तर मोठ्या माणसांना विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

तर घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे: पहिली काही वर्षे लेखणीवर घर चालणार नाही. शेती, शिकवणी किंवा हाताला असेल ते काम सोडू नये. लेखणी आधी मीठ-मिरचीचा खर्च भागवील, मग धाकट्या भावाच्या वह्यांचा. काम वेळेवर आणि नेटके दिले, तर तीच माणसे पुन्हा बोलावतात आणि हळूहळू जम बसतो.

आपण काय करू शकतो? एक चांगला शब्दकोश वसतिगृहाला द्यावा. आपल्यातील निवृत्त शिक्षकांनी महिन्यातून एका मुलाचा लेख वाचून लाल शाईने नव्हे, पेन्सिलीने खुणा कराव्यात. आपल्या संस्थेला किंवा कार्यालयाला अहवाल, पत्रक, अनुवाद हवा असेल, तर तो या मुलांकडून करून घ्यावा आणि ठरलेले पैसे ठरल्या दिवशी द्यावेत. कौतुकाची टाळी त्यांना शाळेत पुष्कळ मिळते. पहिले बिल वेळेवर चुकते झाले, तर घरचेही दुसऱ्या लेखासाठी तिला दिव्याजवळ बसू देतील.