एक माउस, दोन खुर्च्या

सकाळी सव्वानऊ. कर्णबधिर मुलांची शाळा. आधी त्यांची श्रवणयंत्रं. स्टेथोस्कोपसारखी स्टेथोक्लिप लावून प्रत्येक यंत्र मी स्वतः ऐकते. पावसाळ्यात कानातल्या साच्याच्या नळीत दव जमतं आणि आवाज तिथेच अडतो. सेल उतरला तर लहान मूल तक्रार करत नाही, निमूट बसून राहतं. यंत्र बंद असेल, तर कॉम्प्युटरवर कितीही भारी खेळ लावा, तास वाया.

साडेनऊ. कर्णबधिरांचे शिक्षक डॅनिएल लिंग यांनी निवडलेले सहा ध्वनी: आ, ई, ऊ, म, श, स. तोंडापुढे पुठ्ठा धरून एकेक म्हणायचा. ऐकू आला की मूल डब्यात मणी टाकतं. ‘म’ खालच्या पट्टीतला, ‘स’ पार वरच्या. सहाही पोचले, तर बोलण्याचे बहुतेक आवाज पोचतात. आज पहिलीतल्या एकीला ‘स’ पोचला नाही. ऑडिओलॉजिस्टसाठी चिठ्ठी लिहिली.

दहा. संगणक कक्ष, म्हणजे दोन जुनी डबडी आणि एक इन्व्हर्टर. छोट्यांना आवाजावर चालणारा खेळ: माइकसमोर आवाज काढला की पडद्यावरचा फुगा वर जातो. आपल्या आवाजाने काही हलतं हे ज्याला ठाऊकच नव्हतं, त्याचा चेहरा तेव्हा बघावा! पण या खेळाचं कौतुक मी बेताने करते. फुगा फक्त आवाज किती मोठा हे पाहतो, त्यामुळे मुलं बेंबीच्या देठापासून ओरडू लागतात. माना ताठ, गळे चिरके. म्हणून लवकरच होडीच्या खेळावर यायचं. त्यात आवाज एकसारखा लांबवला तर होडी पैलतीराला लागते, ओरडलं की बुडते. मोठ्यांना ‘प्राट’. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते आवाजाचा चढउतार रेषेत दाखवतं. ‘येतोस?’ म्हणताना रेष शेवटी वर जायला हवी. कानाला न कळलेला प्रश्न निदान डोळ्यांना कळतो.

सव्वाअकरा. दिवसातला माझा आवडता तास. ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ हे तिन्ही शब्द ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात. विकतच्या खेळात मराठीची ही अडचण कुठून असणार? म्हणून स्लाइडवर चित्रं टाकून खेळ मीच केला. एकाच्या हातात चित्राचं कार्ड, दुसऱ्याच्या हातात माउस. पहिल्याने बोलायचं, दुसऱ्याने चित्र निवडायचं. ‘माळ’ म्हटलं आणि बाळाचं चित्र निवडलं गेलं, की बोलणारा वैतागतो, पुन्हा म्हणतो, मग जोडीदाराचं बोट आपल्या नाकाला लावतो, कारण ‘म’ला नाक थरथरतं. ही खटपट व्हावी म्हणून तर खेळ. एकट्याने खेळलं असतं तर त्याने भराभर तिन्ही चित्रं दाबून पाहिली असती. खुणा केल्या तरी मी अडवत नाही. काही शिक्षकांना ते खपत नाही. पण आधी पाळण्याची खूण आली आणि मागून ‘बाळ’ आलं, तर काय बिघडलं?

साडेबारा. खिचडी.

दीड. चौथी. नवा खेळ मी आधी स्पीकर बंद करून खेळते. चूक फक्त ‘टूंक’ आवाजाने कळत असेल, तर तो बाद. असे बरेच बाद होतात. आजचा खेळ ‘पेटीत, पेटीवर, पेटीखाली’. आमची मुलं ‘मांजर पेटी बसणे’ असं लिहितात. शब्दाच्या शेपटीचा प्रत्यय हलका उच्चारला जातो, ओठांवरही धड दिसत नाही. इथे ही शेपटी चुकली की मांजर भलतीकडे जाते.

तीन. सातवीची पोरं ‘स्क्रॅच’वर, म्हणजे मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगवर, स्वतःचे खेळ करतात. अटलांटात जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी ‘कॉपीकॅट’ खेळ केला होता. मूल पडद्यावरच्या मांजरीला खुणांनी आज्ञा देतं, खूण नीट असली तरच ती ऐकते. त्याची गोष्ट सांगितल्यावर पोरांनी गरिबाघरची आवृत्ती काढली: स्वतःच्या खुणांचे फोटो, चार पर्याय, चुकलं की पडदा लाल. मला खेळायला बसवलं. लाल, लाल, पुन्हा लाल. ‘बाई, लक्ष कुठंय?’ एकाने खुणेने झापलं.

साडेचार. फाटकाशी एक आई. ‘बाई, मोबाइलवर तासन्‌तास खेळतो, पण बोलत काही नाही.’

‘ताई, तुम्ही शेजारी बसता का?’

‘मला कुठं येतोय तो खेळ!’

‘मग उत्तमच. त्यालाच शिकवायला सांगा. आणि चिडून का होईना, तो सांगेल ते सांगू द्या.’

शिवाय घरातले फोटो मागितले: चूल, शेळी, आजीची चंची. पेटी-मांजरीऐवजी उद्या तेच.