उपवासकाळातील मनन

पाश्चात्त्य परंपरेतील ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. तेव्हापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंतचे दिवस रविवार सोडून मोजले, की बरोबर चाळीस भरतात. मोशे सिनाय पर्वतावर आणि येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिले, त्याची ही आठवण. इ.स. 325 मधील निकिया धर्मसभेच्या नियमांतही या काळाचा उल्लेख आहे.

कॅथलिकांवर आज नियमांचे ओझे फारसे नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी प्रौढांनी एकदाच पोटभर जेवायचे आणि या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करायचे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा उपवास याहून कितीतरी कडक असतो. पण पथ्य पाळले म्हणजे उपवासकाळ पाळला, असे होत नाही. रोज नेमून दिलेला बायबलमधील उतारा वाचणे आणि त्यावर मनन करणे, हाच या काळाचा गाभा आहे.

पहिल्याच दिवसाचे वाचन परीक्षा पाहणारे आहे. दान, प्रार्थना आणि उपवास लोकांना दाखवण्यासाठी करू नका, असे येशू मत्तयाच्या सहाव्या अध्यायात बजावतो. आणि हे वाचून होताच भाविकांच्या कपाळावर सर्वांना दिसेल अशी राख लावली जाते. ती बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. दिसणारी खूण आणि न दिसणारी भक्ती यांतला हा ताण मुद्दाम जपला आहे, असेच वाटते. दोनच दिवसांनी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय येतो. उपवासाच्या दिवशी मजुरांना राबवून घेणाऱ्यांना संदेष्टा तिथे खडसावतो; भुकेल्याला भाकर, बेघराला आसरा आणि दडपलेल्याची सुटका, हाच देवाला आवडणारा उपवास, असे सांगतो. उपवासकाळावर याहून परखड लिखाण सापडणे कठीण.

पहिल्या रविवारी अरण्यातील मोहाचा प्रसंग वाचतात, दुसऱ्या रविवारी येशूच्या रूपांतराचा. पुढचे तीन रविवार मननाला सर्वांत समृद्ध आहेत. तीन वर्षांच्या वाचनचक्रातील पहिल्या वर्षी योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्री, दृष्टी मिळालेला जन्मांध माणूस आणि मरणातून उठवलेला लाजर या तीन कथा क्रमाने येतात. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीशी त्यांचे जुने नाते आहे: आधी पाणी, मग प्रकाश, मग जीवन.

अशा कथेवर मनन कसे करावे, हे इग्नेशियस लोयोला यांनी 1548 मध्ये छापलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात शिकवले. आधी स्थळ डोळ्यांपुढे आणायचे, मग माणसे पाहायची, त्यांचे बोलणे ऐकायचे आणि शेवटी ख्रिस्ताशी मित्राशी बोलावे तसे बोलायचे. शोमरोनी स्त्रीच्या कथेत याचा प्रत्यय येतो. भर दुपारची वेळ, विहीर, एकटी आलेली बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा परक्या समाजातील पुरुष. बोलणे संपते तेव्हा ती घागर तिथेच टाकून गावाकडे धावते. ती घागर का विसरली, एवढ्या एका प्रश्नावर आठवडाभर विचार करता येतो.

इग्नेशियस यांच्याच येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले आणि ख्रिस्ताचे जीवन व दुःखसहन मराठी ओवीत आले. गोवा वेल्हा येथे उपवासकाळातील पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक आजही निघते. शुक्रवारी चर्चमध्ये ‘क्रूसाची वाट’ होते. चौदा टप्प्यांवर थांबत, गुडघे टेकत भाविक येशूच्या अखेरच्या प्रवासाचे स्मरण करतात.

उपवासकाळाचे मनन प्रथमच करू पाहणाऱ्याने जाड पुस्तकांच्या मागे लागू नये. मत्तयाचा सहावा आणि यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय सावकाश वाचावा, आणि ताटातून वगळलेल्या अन्नाचे पैसे गरजूच्या हाती पोहोचवावेत.