गोल चेहऱ्याला छोटे केस शोभत नाहीत म्हणे!

‘चेहरा गोल आहे ना तुझा, छोटे केस नाही शोभणार तुला.’ हे वाक्य पार्लरमध्ये ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं. ज्या मावशींनी जन्मात वेणीखेरीज काही घातलं नाही, त्याही ते अगदी अधिकाराने ऐकवतात. गंमत म्हणजे लांबट चेहऱ्याच्या मुलीलाही ‘नको गं, चेहरा आणखी ओढल्यासारखा दिसेल’ असंच सांगितलं जातं. चेहरा कुठलाही असो, निकाल ठरलेला: केस लांब ठेव. मला तर दाट संशय आहे की या सल्ल्याचा चेहऱ्याशी फारसा संबंध नसतोच. मुलीने केस कापू नयेत एवढंच म्हणायचं असतं, आणि त्याला भूमितीचा टेकू दिला की ते शास्त्रीय वाटतं. पण हेतू राहू दे बाजूला, दावाच तपासू.

या दाव्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. माणसाच्या चेहऱ्याचा ‘आकार’ नक्की सांगता येतो, ही पहिली. त्या आकारावरून केसांची लांबी ठरते, ही दुसरी. पहिली डळमळीत आहे आणि दुसरी सरळसरळ चूक.

आधी आकाराचं बघू. अंडाकृती, गोल, चौकोनी, लांबट, बदामी, हिऱ्यासारखा असे चेहऱ्यांचे तक्ते सलूनच्या भिंतीवर असतात, मासिकांत असतात आणि आता रील्समध्ये तर ऊत आला आहे. कुठे सहा प्रकार, कुठे सात, कुठे नऊ. मोजायला बसलेल्यांचं प्रकारांच्या संख्येवरही एकमत नाही, यातच काय ते आलं. शरीररचनाशास्त्रात असे प्रकार नाहीत. मानववंशशास्त्रात चेहऱ्याचा निर्देशांक म्हणून एक मोजमाप आहे: नाक जिथे सुरू होतं तिथपासून हनुवटीच्या टोकापर्यंतची उंची घ्यायची, तिला गालांच्या हाडांवरच्या रुंदीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. उत्तर ८४ च्या खाली आलं की चेहरा रुंद, ८४ ते ८८ मध्यम, त्यापुढे अरुंद. समजा उंची ११ सेंटिमीटर आहे आणि रुंदी १३. उत्तर येतं ८४.६, म्हणजे मध्यम. आता हनुवटीशी पट्टी दोन मिलिमीटर सरकू द्या, उंची १०.८ धरा. उत्तर ८३.१. त्याच बाई, तोच चेहरा, आणि मध्यमचा झाला रुंद! तज्ज्ञांच्या हातातल्या मापाची ही गत, मग आरशावर लिपस्टिकने चेहऱ्याची कड गिरवून ‘मी हिरा आहे’ हे कसं ठरवायचं? मापं एकात एक मिसळत जातात. आपण मध्ये रेघा मारतो आणि त्यांना नावं देतो.

त्यात पार्लरचे तक्ते उंची मोजतात ती कपाळावर केस सुरू होतात तिथून. म्हणजे कपाळावरचे केस थोडे मागे गेले की चेहरा गोलचा लांबट. ज्या केसांचं काय करायचं ते ठरवायला निघालो, तेच केस आपल्या मापात शिरून बसलेले. आणि हल्ली मोजमाप होतं कशावर? हात लांब करून काढलेल्या सेल्फीवर. ‘जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी’ या अमेरिकन नियतकालिकात २०१८ साली याचं गणित प्रसिद्ध झालं. सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक, दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, चेहऱ्याच्या मानाने जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. जवळचं मोठं, लांबचं लहान, इतका साधा मामला. नाक पुढे येतं, गालांची हाडं आणि कान मागे सरकतात, चेहरा आहे त्यापेक्षा निमुळता भासतो. त्या फोटोवरून ॲप तुमचा ‘आकार’ सांगतं आणि लोक पार्लरमध्ये तो स्क्रीनशॉट दाखवतात. मोजायचंच असेल तर फोन दीड-दोन मीटरवर ठेवून, केस मागे बांधून, दुसऱ्या कुणाला तरी फोटो काढायला सांगा.

आणखी एक. तक्त्यातले चेहरे मधोमध घडी घालावी तसे दोन्हीकडे सारखे असतात. खरे चेहरे तसे नसतात. इरावती कर्वे यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये पीएच. डी. केली ती याच विषयावर: माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमध्ये असणारा स्वाभाविक फरक. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना या फरकाचा वंशाशी संबंध लावायचा होता. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. दोन बाजू सारख्या नसणं हे कुठल्या एका वंशाचं लक्षण नाही. भांग डावीकडून उजवीकडे नेला की माणूस वेगळाच दिसतो, त्यात या फरकाचाही वाटा असतो. आपण स्वतःला आरशात उलटं बघत आलेलो असतो. १९७७ मध्ये मीटा, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलट छापलेला फोटो जास्त आवडतो आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. नवा कट ‘वाकडा’ वाटला तर फोटोवर भरवसा ठेवण्याआधी हे लक्षात असू द्या.

आता लांबीकडे येऊ. माझी चिडचिड होते ती इथे. डोळ्यांना चेहरा रुंद किंवा निमुळता वाटतो तो केसांचा फुगवटा कुठे आहे, केसांची खालची रेघ कुठे संपते आणि चेहऱ्याची कड किती झाकली आहे यावरून. यात ‘लांब’ आणि ‘छोटे’ हे शब्द कुठे आले? कमरेपर्यंतच्या केसांना तेल लावून, मधला भांग पाडून, घट्ट अंबाडा घाला: गोल चेहऱ्याचा पूर्ण घेर समोर येतो, एक बट मदतीला नाही. हा तर लांब केसांचा राजमार्ग! उलट बॉयकट करताना बाजूचे केस कानांलगत चापून बसवले, माथ्यावर थोडी उंची ठेवली आणि पुढची बट तिरकी सोडली, तर तोच चेहरा उभट वाटतो. खांद्यापर्यंतचा कट, पुढे जरा लांब आणि मागे आखूड ठेवला, तर गालांवर दोन उभ्या रेघा पडतात. तिन्हींत चेहरा तोच आहे.

मग ‘मी बॉब केला आणि चेहरा भोपळ्यासारखा दिसायला लागला’ या तक्रारींचं काय? त्या खऱ्या असतात. पण बहुतेकदा घडतं ते असं. केस थोडे नागमोडी असतात. ओले करून, कंगव्याने ताणून, बरोबर हनुवटीच्या रेषेत कापले जातात. खुर्चीत बसलेलं असताना अगदी छान. मग ते वाळतात, आणि नागमोडी केस वाळले की वर चढतात. दोन-तीन सेंटिमीटर सहज. हनुवटीशी ठेवलेली रेघ जाऊन बसते गालाच्या सगळ्यात रुंद भागावर, टोकं बाहेर वळतात आणि फुगवटा नेमका नको तिथे येतो. दोष कात्रीच्या हिशेबाचा, बोल लागतो गोबऱ्या गालांना. अशा केसांचा बॉब हनुवटीच्या चांगला खाली ठेवायचा, किंवा केस वाळलेले असताना शेवटचा हात फिरवायचा. ज्यांच्या हातात कसब आहे त्या पार्लरवाल्या ताई हे न सांगता करतात. त्या आधी केस चाचपून बघतात: बारीक की जाड, दाट की विरळ, सरळ की कुरळे, मानेवर वाढ कुठल्या दिशेने आहे, भोवरा कुठे आहे. भोवरा कपाळालगत असेल तर सरळ फ्रिंज दोन दिवसांत मधोमध फाटते, मग चेहरा तक्त्याप्रमाणे कितीही ‘योग्य’ असो. (डोक्यात दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे मात्र विसरा. दोन भोवरे म्हणजे मागचे केस फार आखूड कापू नयेत, एवढाच त्याचा अर्थ.)

तक्त्यांत तथ्य मुळीच नाही, असं मी म्हणत नाही. कपाळ रुंद असेल तर फ्रिंज ते झाकते, हे डोळ्यांना दिसतंच. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’मध्ये दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी साधनाचं मोठं कपाळ झाकण्यासाठी ऑड्री हेपबर्नसारखी फ्रिंज कापून घेतली आणि ‘साधना कट’ जन्माला आला. पण पुढे काय झालं? देशभरच्या मुलींनी तो कापून घेतला, मोठ्या कपाळाच्या, छोट्या कपाळाच्या, सगळ्यांनी. कुणीही पट्टी घेऊन बसलं नव्हतं.

तक्त्यांमधली मला सर्वात खटकणारी गोष्ट म्हणजे अंडाकृती चेहऱ्याचं पट्टराणीपद. त्याला सगळं शोभतं म्हणे, आणि बाकीच्यांनी केसांची कसरत करून अंडाकृती दिसायचं. हा आदर्श आला कुठून? युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या चित्रकारांनी जुन्या ग्रीक-रोमन परंपरेतून चेहऱ्याचे तीन समान भाग, डोळ्याएवढंच दोन डोळ्यांमधलं अंतर, असे नियम बांधले. पुढे सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्याने ते उचलले. १९३० च्या दशकात मॅक्स फॅक्टरने चेहऱ्याच्या ‘चुका’ मोजायला डोक्यावर बसवायचा एक धातूचा सांगाडाही केला होता. १९८५ मध्ये लेस्ली फार्कस आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या तरुण-तरुणींचे चेहरे प्रत्यक्ष मोजले, तर यातले बरेचसे नियम बहुसंख्य चेहऱ्यांना लागूच पडेनात. ज्यांच्या पूर्वजांनी नियम केले त्यांच्याच चेहऱ्यांना ते बसत नाहीत. आपण सातारा-सोलापुरात ते कशाला बसवतोय?

आता किरकोळ समजुती, झटपट.

सव्वादोन इंचांचा नियम: कानाच्या पाळीपासून हनुवटीच्या पातळीपर्यंतचं, पेन्सिल आणि पट्टीने मोजलेलं अंतर त्याहून कमी असेल तर छोटे केस शोभतात, असा हा नियम जॉन फ्रीडा या इंग्लिश केशरचनाकाराच्या नावावर रील्समध्ये फिरतो. लहान डोक्याला आणि मोठ्या डोक्याला एकच आकडा, केसांच्या पोताचा विचारच नाही. पेन्सिल आणि पट्टी मुलांच्या कंपासपेटीत परत ठेवा.

केस कापले की लवकर वाढतात: केस वाढतात मुळाशी, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. टोकाला काय झालं ते मुळाला कळत नाही. फाटलेली टोकं गेल्यामुळे तुटणं कमी होतं, म्हणून लांबी टिकते.

टक्कल केलं, जावळ काढलं की केस दाट येतात: मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्ये पुरुषांच्या दाढीवर हे तपासलं, १९७० मध्ये पायांवरच्या केसांवर पुन्हा तपासलं गेलं. वस्तऱ्याने केस ना जाड झाले, ना त्यांची वाढ बदलली. जावळ हौसेने काढा, दाट केसांच्या आशेने नको.

लेयर्स केले की केस दाट होतात: दाट वाटतात, तेही केस मुळात बऱ्यापैकी असतील तर. विरळ केसांत लेयर्सवर लेयर्स घेतले की खाली शेपटी उरते. अशा केसांना एका रेषेत कापलेला आखूड कट जास्त भरदार दिसतो.

फुगवट्याचं हे गणित पुरुषांना लागू नाही: का नाही? भरलेल्या गालांवर कल्ले फुगवून ठेवले तर रुंदी वाढते, मशीनने बारीक केले तर कमी होते. दाढी वाढवली की जबड्याची कडच नवी तयार होते, मग तक्त्यातला कुठला चेहरा धरायचा?

चष्मा काढून कट ठरवायचा: केस कापताना काढावाच लागतो, पण कट ठरवताना आणि फ्रिंजची लांबी बघताना तो डोळ्यांवर असू द्या. फ्रिंज फ्रेमच्या वरच्या कडेला टेकली की दिवसभर बोटांनी सारत बसावी लागते.