जुन्या खेळयंत्राचा जीर्णोद्धार

बंगळूरच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मिळतात. तेथून साहित्य आणून २००१ सालच्या मूळ ‘एक्सबॉक्स’ खेळयंत्रात मोठी हार्ड डिस्क बसविली, म्हणजे काम संपले असे नव्हे. शेवटची १.६ आवृत्ती वगळता या यंत्रांत घड्याळ चालू ठेवणारे एक गळण्याजोगे धारित्र (कपॅसिटर) असते. कालांतराने ते गळते व त्यातील द्रव मंडलफलकावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. यंत्र कपाटात नुसते पडून असले तरीही! म्हणून वीज तोडून प्रथम ते धारित्र काढावे, फलक अल्कोहोलने पुसावा, तुटलेली रेषा बारीक तारेने डाख देऊन सांधावी व मगच झाकण लावावे. पुढे वीज तोडली की घड्याळ तेवढे चुकेल. यंत्र मात्र वाचेल.