पातळ कीं दाट?

नाशिकच्या इंदिरानगरांत काय, किंवा दुसऱ्या एखाद्या शहरी वसाहतींत काय, घरांतील वृद्ध माणूस पक्षाघातांतून उठतो तेव्हां डॉक्टर पुष्कळदां बजावतात कीं, ह्यांना नुसतें पाणी देऊं नका, दाट करून द्या. घरच्या मंडळींना हें चमत्कारिक वाटतें. ज्याला भाकरी गिळवत नाहीं त्याला पाणी तरी सोपें जावें, अशी सर्वसाधारण समजूत. वस्तुतः अशा रोग्याला पाणीच सर्वांत अवघड. घशांत श्वासाची आणि अन्नाची वाट शेजारींशेजारीं असते, आणि घोट उतरतांना श्वासाची वाट क्षणभर मिटावी लागते. हें मिटणें मंदावलें कीं चपळ पाणी आधींच फुप्फुसाकडे शिरतें, आणि त्यांतून न्यूमोनिया उद्भवूं शकतो.

पाण्याची चाल मंद करणारे पदार्थ स्वयंपाकघराला नवे नाहींत. भाताची पेज, सब्जाचा बुळबुळीत लेप, गवारीच्या बियांचा गोंद ह्या सर्वांत रेणूंच्या लांबच लांब सांखळ्या असतात. पाण्यांत त्या फुगतात व एकमेकींत गुंततात. साधें पाणी न्यूटननें १६८७ सालीं मांडलेल्या नियमानें चालतें : तें हळू ढवळा कीं जोरानें, त्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, तीच राहते. गवारीचा गोंद हा नियम जुमानीत नाहीं. पेल्यांत स्वस्थ असतां तो घट्ट असतो. चमचा वेगानें फिरूं लागला कीं सांखळ्या प्रवाहाच्या दिशेनें सरळ होतात आणि तो पातळ होतो. चमचा थांबला कीं पुन्हां घट्ट.

दुसरा गुण अधिक मौजेचा. भेंडी चिरतांना सुरीमागें तार निघते, कारण ताणलेल्या सांखळ्या आखडूं पाहतात. असा पदार्थ अर्धा द्रव, अर्धा रबर. अंड्यांतील पांढऱ्यांत काडी गरगर फिरविली तर पाण्याप्रमाणें मध्यें खळगा न पडतां तो पांढरा काडीवर चढूं लागतो! फिरतांना ताणलेल्या सांखळ्या काडीभोंवतीं कमरपट्ट्यासारख्या आवळतात, आणि द्रवाला वर सरकण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. १९४७ सालीं कार्ल वायसेनबर्ग ह्यांनीं ह्या प्रकाराची मीमांसा केली. तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

रोग्याच्या घोटांत हे दोन्ही गुण कामास येतात. श्यानतेमुळें घोट सावकाश सरकतो, आणि स्थितिस्थापकतेमुळें त्याचे थेंब सुटे न होतां तो एकसंध उतरतो. फार दाटहि बरें नव्हे. अशक्त घशांत तो मागें चिकटून राहतो.

पेजेंत मात्र एक खोड आहे. लाळेंतील पाचक रस पिष्टाच्या सांखळ्या तोडतो. उष्टा चमचा पुन्हां वाटींत बुडविला कीं कांहीं वेळानें उरलेली पेज पाण्यासारखी होते, आणि रोग्याला नकळत पातळ घोट जातो. झँथन गोंदावर लाळेची मात्रा चालत नाहीं, म्हणून औषधी दाटकांत त्याचा वापर फार.

किती दाट हें डॉक्टर किंवा वाचोपचारतज्ज्ञ ठरवितात, पण पडताळा घरीं पाहतां येतो. ज्या सिरिंजवर शून्यापासून १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत ६१.५ मिलिमीटर भरतात, तीच घ्यावी. सुई न लावतां ती १० मिलिलिटर भरावी, टोंकावरील बोट काढून १० सेकंद वाहूं द्यावें. १ ते ४ मिलिलिटर उरलें तर पेय किंचित दाट, ४ ते ८ उरलें तर बेताचें दाट, आणि त्याहून अधिक उरलें तर चांगलेंच दाट. पेय ज्या उष्णतेचें द्यावयाचें त्याच उष्णतेला ही कसोटी घ्यावी, कारण चुलीवरची पातळ पेज ताटांत येईपर्यंत थिजूं लागते.