पिकअपचे नाक उचलताना : टॉर्शन बारचा बोल्ट किती फिरवावा?

गॅरेज आणि सस्पेन्शनच्या कामात आपले पुष्कळ कारागीर बांधव आहेत. कोकणातून आखातात गेलेल्या कितीतरी जणांनी हे काम तिथल्या वर्कशॉपमध्येच शिकून घेतले. त्यांच्याकडे जुनी टोयोटा हायलक्स किंवा इसुझूची पिकअप घेऊन येणारे गिऱ्हाईक बहुधा एकच मागणी करते : "पुढून गाडी बसली आहे, जरा उचलून द्या." काम अर्ध्या तासाचे दिसते. एक बोल्ट आवळला की गाडी वर येते. परंतु हा बोल्ट नेमके काय करतो हे माहीत नसेल, तर त्याच अर्ध्या तासात गिऱ्हाइकाचे टायर आणि कारागिराचे नाव दोन्ही खराब होते.

टॉर्शन बार म्हणजे काय?

पाटा वाकतो, कॉइल स्प्रिंग दबते, तर टॉर्शन बार पिळला जातो. ही स्प्रिंग-स्टीलची लांब कांब असते. पिकअपमध्ये ती चेसिसला समांतर, पुढून मागे बसवलेली असते. तिचे पुढचे टोक चाकाच्या वरच्या किंवा खालच्या आर्मला जोडलेले असते. मागचे टोक एका लहान आर्ममध्ये, म्हणजे अँकर आर्ममध्ये, अडकलेले असते. चाक खड्ड्यातून वर उचलले गेले की कांब पिळली जाते आणि उलट जोर लावून चाकाला पुन्हा खाली ढकलते. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९३४ साली आपल्या मोटारीत हीच पद्धत वापरली होती.

हायलक्सच्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या जुन्या गाड्यांत टॉर्शन बार असे. २००४ साली आलेल्या पिढीपासून तिथे कॉइल स्प्रिंग आली. आपल्याकडे शेव्हरोले टवेरा आणि १९९८ साली आलेली जुनी टाटा सफारी या गाड्यांच्या पुढच्या बाजूला टॉर्शन बार आहे. म्हणून हे काम इथल्या कारागिरासही उपयोगी आहे.

बोल्टने उंची वाढते, ताकद नाही

अँकर आर्मला एक लांब बोल्ट असतो. तो आवळला की कांबीचे मागचे टोक थोडे फिरते, पुढचा आर्म खाली ढकलला जातो आणि चेसिस वर उचलली जाते. यावरून अनेकांचा समज होतो की स्प्रिंग कडक झाली, आता जास्त माल भरता येईल. हा समज चुकीचा आहे. कांबीचा कडकपणा तिच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो. २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटर जाडीची तशीच कांब घातली, तर कडकपणा जवळजवळ दीडपट होतो. बोल्ट कितीही आवळला तरी कांबीची जाडी बदलत नाही.

मग उचललेली गाडी कडक का लागते? समजा, चाकाला वर जाण्यास तीन इंच आणि खाली लोंबण्यास तीन इंच जागा आहे. गाडी दीड इंच उचलली, तर वर साडेचार इंच होतात आणि खाली फक्त दीड इंच उरतो. चाक खड्ड्यात उतरले की आर्म लगेच रबर स्टॉपरवर आदळतो. तो दणका म्हणजेच गिऱ्हाइकाला वाटणारा कडकपणा. बाजारात मिळणाऱ्या तयार अँकर आर्मनेही कांब तशीच फिरते, म्हणून त्यांचा परिणामही हाच असतो.

आधी कारण शोधा

पुढून गाडी बसली म्हणजे कांबच थकली असे नाही. टायरची हवा, बुश, बॉल जॉइंट आणि आर्म तपासा. मागचे पाटे पहा. कांबीवर गंजाचे खोल खड्डे किंवा चीर दिसली तर बोल्टला हात लावू नये, कांब बदलावी. डावी-उजवी कांब आपापल्या दिशेने पिळून तयार केलेली असते. म्हणून त्यांची अदलाबदल करू नये.

कामाची पद्धत

१. गाडी सपाट जमिनीवर, मालाशिवाय उभी करा. दोन्ही बाजूंच्या टायरची हवा सारखी असावी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्हीकडे मोजून लिहून ठेवा.

२. बोल्टवर रंगाची खूण करा. बाहेर दिसणारे आटे मोजा. गंज असेल तर तेल सोडून थांबा.

३. जॅक चेसिसखाली लावून चाके लोंबू द्या आणि भक्कम घोड्या लावा. त्यामुळे बोल्टवरचा भार कमी होतो, पण संपत नाही. कांबीत ताण उरतोच. म्हणून बोल्ट पूर्ण काढू नका आणि अँकर आर्मच्या रेषेत तोंड नेऊ नका.

४. चेकनट सैल करा. दोन्ही बाजूंना सारखे एक-दोन फेरे द्या, तेही हातपान्याने.

५. गाडी खाली घ्या. थोडी पुढे-मागे चालवा, बंपर दाबून सोडा आणि मगच मोजा. जॅकवरून उतरताच घेतलेले माप फसवे असते.

६. एका बाजूला केलेला बदल दुसरीकडेही थोडा जाणवतो. म्हणून हळूहळू जुळवा. शेवटी चेकनट घट्ट करा.

एका फेऱ्याने किती उंची वाढते हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. मूळ उंचीपेक्षा एक ते दीड इंचाच्या पुढे जाऊ नये. फोर-व्हील गाडीत त्यापुढे पुढच्या ॲक्सलचे जॉइंट तिरके चालून लवकर झिजतात. कांब गॅसने तापवणे किंवा तिला वेल्डिंग करणे तर कधीच नको. पोलादाचे पाणी उतरते आणि पुढे ती रस्त्यात तुटू शकते.

अलाइनमेंटशिवाय काम अपुरे

उंची बदलली की चाकांचा कँबर आणि टो बदलतो. अलाइनमेंट न करता गाडी दिली तर टायर कडेने खाऊ लागतात. स्टीअरिंग पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, तेही पहा. हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. तो पुन्हा खाली बसवून द्या. म्हणून गिऱ्हाइकाला दर सांगताना अलाइनमेंटसकट सांगावा.

कायदा आणि व्यवहार

बसलेली गाडी मूळ उंचीवर आणणे ही दुरुस्ती आहे. शौकासाठी गाडी त्याहून उंच करण्यापूर्वी मात्र आरटीओत विचारून घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही.

जुन्या गाड्यांच्या धंद्यातील बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थकलेल्या कांबीचा बोल्ट शेवटपर्यंत आवळून गाडी ताठ दाखवणे म्हणजे मालातील ऐब लपवणे होय. घेणाऱ्याने वाकून बोल्टचे आटे पहावेत. एका बाजूचा बोल्ट संपत आला असेल, तर कारण विचारावे. आणि विकणाऱ्याने ते विचारण्याआधीच सांगावे. त्या गाडीत उद्या कोणाची तरी बायको-मुले बसणार आहेत.