पेंढ्याचे कुलूप आणि तांब्याची किल्ली

भाताच्या दाण्यात ग्लुकोज असते आणि भाताच्या पेंढ्यातही ग्लुकोजच असते. मग दाण्याने माणसाचे पोट भरते, पेंढ्याने का भरत नाही? विद्यार्थी मित्रांनो, या साध्या प्रश्नामागे मोठे विज्ञान दडलेले आहे.

फरक आहे तो जोडणीचा. दाण्यातील स्टार्चमध्ये ग्लुकोजच्या साखळीला वेटोळे पडलेले असते, त्यामुळे आपल्या लाळेतील विकर, म्हणजे एन्झाइम, ती सहज तोडते. पेंढ्यातील सेल्युलोजमध्ये मात्र जोडणी निराळी असल्याने साखळ्या सरळ राहतात. अशा अनेक साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बांधल्या जाऊन स्फटिकासारखी रचना तयार होते. तिच्याभोवती हेमिसेल्युलोज व लिग्निन यांचे लिंपण असते. ही रचना तोडण्याचे विकर माणसाजवळ नाही. गाईजवळही स्वतःचे नाही. तिच्या पोटातील सूक्ष्मजीव ते काम करतात.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती कॅनव्हास भराभर कुजू लागले. त्यावरील बुरशीचा अभ्यास एल्विन रीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पुढे या बुरशीला रीझ यांच्या सन्मानार्थ 'ट्रायकोडर्मा रीझाय' हे नाव मिळाले. रीझ यांच्या लक्षात आले की, अनेक सूक्ष्मजीव विरघळलेल्या स्वरूपातील सेल्युलोज तोडतात, पण अखंड कापसापुढे हात टेकतात. म्हणून घट्ट साखळ्या आधी सैल करणारा एखादा वेगळा घटक असला पाहिजे, असा तर्क त्यांनी १९५० साली मांडला.

हा घटक नेमका कोणता, हे कळायला साठ वर्षे लागली. तोवर ज्ञात असलेली विकरे पाण्याच्या साहाय्याने बंध तोडणारी होती. त्यांच्या खोबणीत साखळी शिरावी लागते. स्फटिकातून मात्र साखळीचे टोकच सुटत नाही. २०१० साली नॉर्वेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, एका जिवाणूचे प्रथिन कायटिन, म्हणजे खेकड्याच्या कवचातील चिवट बहुशर्करा, ऑक्सिडीकरणाने तोडते. बुरशीतील तशीच विकरे सेल्युलोजवर काम करतात आणि त्यांना तांबे लागते, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले.

या विकराचा पृष्ठभाग सपाट असतो, त्यामुळे ते स्फटिकावर थेट बसू शकते. त्याच्या मध्यभागी तांब्याचा एक अणू दोन हिस्टिडिनांनी पकडून धरलेला असतो. एखाद्या क्षपणकाकडून इलेक्ट्रॉन मिळाला की तांबे कार्यक्षम होते. मग ऑक्सिजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ते साखळीतील कार्बनवर ऑक्सिजनचा अणू बसवते व तेथील बंध तुटतो. पीळदार दोरखंडाचा एक धागा मध्येच कापला की त्याची टोके मोकळी होतात, तसेच येथे होते. त्या टोकांपासून मग इतर विकरे आपले काम सुरू करतात. एकट्याने न होणारे काम दोघांनी मिळून होते, ते असे. मात्र हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त झाले तर विकर स्वतःच जळून निकामी होते. अति तेथे माती!

पुस्तके कुरतडणाऱ्या कसरीच्या जवळच्या नात्यातील एका कीटकातही अशी विकरे असल्याचे २०१८ साली आढळले. बटाट्यावरील करपा रोगाचा जंतू अशाच विकराने पानातील पेक्टिन फोडून आत शिरतो, हे २०२१ मध्ये कळले. म्हणजे हीच किल्ली पीक नासवणाऱ्याच्याही हाती आहे.

आपल्या दृष्टीने या ज्ञानाचे मोल मोठे आहे. पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा शेतातच जाळतात आणि त्याच्या धुराने माणसे खोकतात. आपल्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पेटवल्या जातात. याच काडीकचऱ्यातील साखर मोकळी केली तर त्यापासून इंधन बनते, आणि त्यासाठी अन्नधान्याला हात लावावा लागत नाही. हरियाणातील पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये असा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल बनवण्याची ही योजना असून, तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. या उद्योगात विकरांचा खर्च मोठा असतो. म्हणून थोड्या विकरात जास्त साखर सुटणे हाच खरा कळीचा मुद्दा आहे, आणि तेथे तांब्याची ही किल्ली उपयोगी पडते.

रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि शेती हे तिन्ही विषय येथे एकत्र येतात. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला पेंढा ओळखीचाच असतो. त्याने आता त्याच्या आतही डोकावून पाहावे.